सपोर्ट स्टाफवरचा ताण: सीझनआधी, सीझनमध्ये आणि नंतर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

वरच्या पातळीवर खेळणाऱ्या संघात ताणाचा विषय निघाला की चर्चा खेळाडूपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. फिजिओ, ट्रेनर, मसाजर, थ्रोडाउन देणारा (सरावात फलंदाजाला चेंडू फेकून देणारा), व्हिडिओ ॲनालिस्ट, किट सांभाळणारा, संघाचा मॅनेजर यांच्यापैकी कोणी खचलं, तर बहुतेक ठिकाणी एकच मार्ग दिसतो. सीझनच्या मध्यावर एक व्याख्यान ठेवलं जातं, सकाळी अर्धा तास योगासनं लावली जातात आणि त्या माणसाला ‘मन जरा घट्ट कर’ म्हणून सांगितलं जातं. त्या अर्ध्या तासासाठी तो बिचारा आणखी अर्धा तास आधी उठतो. महिन्याभराने परिस्थिती तीच असते, फक्त आता व्यवस्थापनाला वाटत असतं की आपण करायचं ते केलं.

हेतू चांगला असतो, क्रम चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते बर्नआउट, अशी तिथली नोंद आहे. त्याची तीन अंगं दिली आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. कारण कामात आहे, तर दुरुस्तीही आधी कामाच्या रचनेत करायला हवी. माणसाला सल्ला देण्याची पाळी त्यानंतर येते.

हा लेख संघाचे मॅनेजर, मुख्य प्रशिक्षक, अकादमी चालवणारे आणि खुद्द सपोर्ट स्टाफ यांच्यासाठी आहे. उदाहरणं बडोद्याच्या क्रिकेटमधली आहेत, कारण इथला दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे. खेळ दुसरा असला तर तास आणि महिने बदला, टप्प्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १: तयारी. माणूस, महिना आणि मर्यादा

सगळ्यात आधी हे काम कोण करणार ते ठरवा. ज्याच्या सहीने करार होतो किंवा थांबतो, त्याने हे करायचं नाही. मुख्य प्रशिक्षकानेही नाही. निवृत्त प्रशिक्षक, संघाबाहेरचे डॉक्टर, दुसऱ्या विभागातली मनुष्यबळाची जबाबदार व्यक्ती, यांपैकी कोणीही चालेल. या व्यक्तीला प्रश्न कसे विचारायचे याचा थोडा सराव हवा असेल, तर सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना दोन तास द्यायची विनंती करा. छोट्या अकादमीत मालकच सगळं बघत असेल तर त्याने स्वतः बाजूला होऊन बाहेरची व्यक्ती आणावी. यात तडजोड केली तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

मग महिना. रणजी करंडक ऑक्टोबरात सुरू होतो. २०२४-२५पासून तो दोन भागांत खेळवला जातो आणि मधल्या काळात सय्यद मुश्ताक अली (वीस षटकांची) आणि विजय हजारे (पन्नास षटकांची) या पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा येतात. खेळाडूंच्या बाबतीत लाल चेंडूचा, म्हणजे रणजीचा, संघ वेगळा आणि पांढऱ्या चेंडूचा वेगळा असू शकतो, सपोर्ट स्टाफ मात्र बहुधा तोच राहतो. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्यांना मोकळा पट्टा नाही. म्हणून हे काम ऑगस्टमध्ये, गणपती बसायच्या आत सुरू करा. नवरात्र आलं की बडोद्यात काय होतं ते सांगायला नको: गरबा, रात्रीची वाहतूक, घरच्यांच्या अपेक्षा, आणि त्याच सुमारास संघाचं शिबिर. दिवाळीनंतर सुरुवात करायला गेलात तर निम्मी माणसं गावाबाहेर असतील आणि उरलेल्यांना बोलायला वेळ नसेल.

शेवटी मर्यादा. अर्ध्या पानावर साध्या भाषेत लिहा: आपण काय नोंदवणार, ते कोण बघणार, कोण बघणार नाही आणि कागद कधी नष्ट करणार. त्यावर संघाच्या सर्वात वरच्या अधिकाऱ्याची सही घ्या आणि प्रत हातात द्या.

सावधान: आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मानसिक आरोग्य तपासणीची प्रश्नावली खेळाडूंसाठी बनवलेली आहे. ती उतरवून स्टाफकडून भरून घेणं आणि गुणांवरून निष्कर्ष काढणं ही नेहमी होणारी चूक आहे. या टप्प्यावर कुठलीच प्रश्नावली वाटू नका.

पडताळणी: थ्रोडाउन देणाऱ्या मुलाला विचारा, ‘तू जे सांगशील ते कोण वाचणार?’ त्याला उत्तर देता आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: यादी करा

यादी सोपी वाटते आणि तिथेच माणसं सुटतात. कराराच्या कागदावर असलेले सातआठजण सगळ्यांना आठवतात. सामन्यापुरते बोलावलेले नेट बोलर, रोजंदारीवरचे माळी, बसचा ड्रायव्हर, वयोगटाच्या संघाबरोबर जाणारी महिला मॅनेजर, इंटर्न म्हणून आलेली फिजिओथेरपीची विद्यार्थिनी ही माणसं यादीत येत नाहीत. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: कराराचा प्रकार आणि तो संपायची तारीख, मानधन कधी मिळतं, राहायचं ठिकाण, आणि हा माणूस उद्या आला नाही तर त्याचं काम कोण करेल.

चौथा रकाना काळजीपूर्वक बघा. तिथे ‘कोणी नाही’ असं जितक्या वेळा येईल, तितकी ताणाची ठिकाणं तुम्हाला कोणाशी न बोलताच सापडली.

राहायचं ठिकाण का लिहायचं? शहरातल्या मोतीबाग मैदानावर सराव असेल तर दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातला माणूस स्कूटरवर काही मिनिटांत पोहोचतो. तोच सराव शहराबाहेर हालोल रस्त्यावर कोटंबीला असेल, तर जाण्यायेण्यात दीड तास सहज जातो. खेळाडूंची बस असते. रोजंदारीवरच्या माणसाला कोण नेतं, ते विचारा.

टप्पा ३: चौदा दिवस तास मोजा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून लोक तो गाळून थेट बैठक घेतात. बैठकीत मग जो मोठ्याने बोलतो त्याचा ताण खरा ठरतो. आकडे हातात असले की तसं होत नाही.

सलग चौदा दिवस, त्यात शक्यतो एक बाहेरगावचा सराव सामना, अशी नोंद ठेवा. वहीत किंवा फोनवर, रोज पाच ओळी: काम सुरू झालं ती वेळ, संपलं ती वेळ, बसून जेवायला मिळालं का आणि कधी, रात्री शेवटचा कामाचा फोन किंवा मेसेज किती वाजता, झोप किती तास. बस्स. भावना लिहायला लावू नका.

काय धरायचं याबद्दल गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. प्रवास हे काम आहे. हॉटेलच्या खोलीत रात्री खेळाडूच्या पोटरीवर केलेले उपचार हे काम आहे. ॲनालिस्टने जेवणानंतर बसून कापलेल्या क्लिप्स, किटवाल्याने लाँड्रीसाठी मारलेल्या फेऱ्या, मॅनेजरने खोल्यांच्या वाटपावरून ऐकून घेतलेली बोलणी, हे सगळं काम आहे. ‘ग्रुपवर फक्त एक मेसेज टाकला होता’ हेही कामच, कारण वाचणारा त्यानंतर लगेच झोपत नाही.

चार दिवसांच्या सामन्यातला फिजिओचा दिवस मांडून बघा. साडेसहाला हॉटेलात पहिलं टेपिंग. पावणेआठला बस. साडेनऊला खेळ सुरू. नव्वद षटकं संपेपर्यंत पाच वाजतात. मग आइस बाथ, स्ट्रेचिंग, बस. सातपासून साडेनऊपर्यंत खोलीत एकेक खेळाडू. दहाला प्रशिक्षकांना उद्याचा अहवाल. मधला दीड तास वजा केला तरी चौदा तास होतात. चार दिवसांचे छप्पन. आणि त्या आठवड्यात प्रवासाचा दिवस अजून धरलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अंदाज प्रसिद्ध केले. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हे आकडे दीर्घकाळ चालणाऱ्या कामाच्या तासांबद्दल आहेत, एखाद्या जड आठवड्याबद्दल नाहीत. म्हणून एका सामन्याचा आकडा बघून घाबरू नका आणि एका हलक्या आठवड्यावर समाधानही मानू नका. सीझनमध्ये चार-चार आठवड्यांची सरासरी काढत राहा.

आकडे समोर आले की एक गोष्ट बहुतेक संघांत दिसेल. लंचची चाळीस मिनिटं आणि चहापानाची वीस मिनिटं ही खेळाडूंची विश्रांती असते आणि सपोर्ट स्टाफच्या कामाचा कळस असतो. सगळे खेळाडू त्याच वेळी आत येतात. मसाजर, फिजिओ, ॲनालिस्ट तेव्हा उभे असतात आणि नंतर जे उरलं ते उभ्यानेच खातात. हे वर्षानुवर्षं चालतं आणि कोणाला खटकत नाही. मला ते फार खटकतं.

सावधान: ही वही हजेरीपट नाही. तिच्यावरून कोणाला उशिरा आल्याबद्दल बोललात, तर त्या दिवसापासून सगळ्या नोंदी खोट्या होतील.

पडताळणी: चौदा दिवसांनंतर निम्म्यापेक्षा जास्त वह्या भरलेल्या नसतील, तर लोकांना बैठकीत झापू नका. कोणाला भरायला वेळच मिळाला नाही ते बघा. बहुतेकदा तीच माणसं सर्वात जास्त दबलेली असतात.

टप्पा ४: एकेकट्याशी बोला

नोंदी आधी, बोलणं नंतर, सामूहिक बैठक त्याच्याही नंतर. हा क्रम मोडू नका. प्रत्येकाला चाळीस मिनिटं द्या. जागा मैदानाबाहेरची हवी. ड्रेसिंग रूमच्या दारात किंवा हॉटेलच्या खोलीत हे बोलणं होत नाही. कमाटीबागेत सकाळी फेरी मारत बोललात तरी चालेल. दोघं शेजारी चालत असली की समोर टेबलावर बसण्यापेक्षा माणूस मोकळा होतो.

भाषा त्याची. बडोद्यातल्या संघात मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही चालतात. माणूस घरी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत बोला. संबोधनंही नेहमीचीच ठेवा. तीस वर्षं किट सांभाळणाऱ्यांना सगळे ‘काका’ म्हणत असतील, तर या बोलण्यापुरतं ‘सर’ म्हणू नका, ते लगेच सावध होतील. आणि त्यांच्याशी बोलायला पंचविशीतला मुलगा पाठवू नका. लेकाच्या वयाच्या पोरासमोर ते ‘झेपत नाही’ असं कधीच म्हणणार नाहीत.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने कामाच्या ताणाची सहा अंगं ठरवली आहेत: बोजा, ताबा, आधार, नाती, भूमिका आणि बदल. ती आपल्याला उपयोगी पडतात, पण ती नावं घेऊन प्रश्न विचारू नका. असे विचारा:

१. दिवसात कुठल्या वेळी दोन कामं एकदम अंगावर येतात?
२. तुमच्या दिवसातली कुठली गोष्ट तुम्ही स्वतः ठरवता?
३. उद्या ताप आला तर कोणाला फोन कराल? तो काम सांभाळेल?
४. संघात कोणाशी बोलायचं टाळता?
५. दोन वरिष्ठांनी एकाच बाबतीत उलटसुलट सूचना दिल्या, असं गेल्या महिन्यात कधी झालं?
६. दौरा किंवा संघ बदलला, ते तुम्हाला कोणाकडून कळलं? खेळाडूंच्या आधी की नंतर?

शेवटच्या प्रश्नावर लोक थबकतात. दौऱ्याची बातमी व्हॉट्सॲपवरून बाहेरच्याकडून कळणं, हा अपमान बरेचजण गिळून बसलेले असतात.

‘चालतंय हो, आपलं काय’ असं उत्तर आलं तर त्याला उत्तर समजू नका आणि खोदूही नका. कालच्या दिवसावर या. ‘काल जेवलात किती वाजता? कोणाबरोबर? घरी शेवटचा फोन कधी झाला?’ साध्या तपशिलातून खरी गोष्ट बाहेर येते.

आणखी एक विषय तुम्ही काढल्याशिवाय निघणार नाही: पैसा आणि करार. समाजशास्त्रज्ञ योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ साली मांडलेलं सूत्र इथे तंतोतंत लागू पडतं. कष्ट आणि मोबदला यांचा मेळ बसला नाही की ताण आजारात उतरतो. मोबदल्यात पैसा आहेच, त्याबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही आहे. सीझनपुरत्या कराराच्या माणसाला मार्चनंतर काय हे माहीत नसतं. संघ हरला की पहिला बदल सपोर्ट स्टाफमध्ये होतो, हेही त्याने पाहिलेलं असतं. हे तुम्ही बदलू शकत नसाल, तर तसं प्रामाणिकपणे सांगा. खोटा दिलासा देऊ नका.

सावधान: बोलण्यात लैंगिक छळाची गोष्ट आली तर ती ताणाच्या वहीत लिहून पुढे जायचं नाही. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी आणि त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. सांगणाऱ्या व्यक्तीला तो मार्ग त्याच दिवशी दाखवा. वयोगटाच्या संघातल्या अठरा वर्षांखालील मुलाबाबत असं काही कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

टप्पा ५: कोण काय ठरवणार ते लिहून काढा

माझ्या मते संपूर्ण कामात सर्वात जास्त फरक पडतो तो इथे. जास्त कामाने माणूस थकतो, झोपला की सावरतो. पण जबाबदारी आपल्यावर आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात, अशी अवस्था महिनोन्महिने चालली की तो आतून पोखरला जातो. तीन जागा पक्क्या करा.

पहिली, खेळाडू फिट आहे की नाही. हा निर्णय फिजिओ आणि डॉक्टर देतील, ठरलेल्या वेळेला, लेखी. समजा आदल्या संध्याकाळी सहा वाजता. प्रशिक्षकांना किंवा कर्णधाराला तो पटला नाही, तर चर्चा तिघांत होईल आणि तिथे डॉक्टर असतील. ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात फिजिओला एकट्याला गाठून ‘बघ ना, दोन स्पेल तरी’ म्हणायचं नाही. खेळवायचं ठरलंच तर कोणी ठरवलं, त्याचं नाव कागदावर येईल. हा एक नियम पाळला तर फिजिओची झोप सुधारते.

दुसरी, औषधं. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची असते. पण निषिद्ध पदार्थ देणारा, लपवायला मदत करणारा, साथ देणारा सपोर्ट स्टाफही कारवाईच्या कक्षेत येतो. सर्दीच्या गोळीवरून रात्री अकराला खेळाडूचा फोन आला की फिजिओच्या पोटात गोळा येतो तो याच कारणाने. नियम असा ठेवा: कुठलंही औषध किंवा सप्लिमेंट दोघांनी तपासल्याशिवाय आणि नोंदवहीत लिहिल्याशिवाय द्यायचं नाही. नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं ‘नो युअर मेडिसिन’ (Know Your Medicine) ॲप दोघांच्या फोनवर असू द्या. मसाजर, ट्रेनर, किटवाला यांनी औषध द्यायचंच नाही. त्यांना ‘नाही’ म्हणता यावं म्हणून हा नियम खेळाडूंसमोर वाचून दाखवा.

तिसरी, खेळाडूने सांगितलेली गुपितं. याबद्दल कोणी बोलत नाही. खेळाडू मसाजच्या टेबलावर पालथा पडला की बोलू लागतो. संघातून वगळलं जाण्याची भीती, घरातली भांडणं, कर्ज, लपवलेली दुखापत. मसाजर ऐकतो. दहाबारा जणांचं रोज ऐकतो आणि ते कोणालाही सांगू शकत नाही. तो समुपदेशक नाही, तसं प्रशिक्षण त्याला मिळालेलं नाही, आणि तरी संघातलं सर्वात जड ओझं त्याच्याकडे असतं. म्हणून ठरवून द्या: ऐकलेली गोष्ट तो प्रशिक्षकांना सांगणार नाही. खेळाडूच्या जिवाला धोका वाटला तर तो ठराविक एका डॉक्टरांना लगेच कळवेल आणि हे खेळाडूंनाही आधीच माहीत असेल. आणि त्याला स्वतःला आठवड्यातून एकदा, नावं न घेता, मन हलकं करायला संघाबाहेरची एक जागा असेल.

पडताळणी: कागद तयार झाला की प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, ‘कर्णधार म्हणतो खेळतो, तू म्हणतोस नको. पुढे काय?’ सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर कागद कामाचा आहे. वेगवेगळी उत्तरं आली तर भाषा आणखी सोपी करा.

टप्पा ६: वेळापत्रकात जागा करा

आता कुठे सामूहिक बैठक घ्यायची. हातात तास आहेत, अडचणी आहेत, अधिकार ठरलेले आहेत. बैठकीत पुढच्या गोष्टी तारखांसकट ठरवा.

जेवण: लंचच्या आधी, साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान, आळीपाळीने वीस वीस मिनिटं बसून खायची. त्या वेळी त्याची जागा कोण बघेल ते नावानिशी.

रात्र: साडेनऊनंतर ग्रुपवर कामाचा मेसेज नाही. तातडीचं असेल तर फोन, तोही त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्यालाच. उपचारांच्या वेळा खेळाडूंनी संध्याकाळी पाचपर्यंत नोंदवायच्या. नोंद नसेल तर सकाळी. याला पहिल्या आठवड्यात विरोध होतो. मुख्य प्रशिक्षकांनी स्वतः पाळलं तर दुसऱ्या आठवड्यात तो मावळतो, आणि त्यांनी पाळलं नाही तर नियम कागदावरच राहतो.

दिवस-रात्र सामने: फेब्रुवारी २०२५मध्ये महिला प्रीमियर लीगची सुरुवात कोटंबीला झाली. असे सामने संपून आवराआवर होईपर्यंत मध्यरात्र उलटते. अशा रात्रीनंतर ‘सकाळी आठला हजर’ असं लिहायचं नाही. सात तास झोप आणि घरी जायचा वेळ धरून पुढची वेळ ठरवा. मैदानावरच्या माळ्यांना आणि ड्रायव्हरलाही हाच नियम लावा. ड्रायव्हरला सगळ्यात आधी.

थ्रोडाउन: साइडआर्मने, म्हणजे चेंडू फेकायच्या लांब दांड्याने, चेंडू फेकणाऱ्याच्या खांद्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. बोलरच्या चेंडूंची मोजदाद होते, याची नाही. रोजचे अंदाजे चेंडू लिहायला लावा, सलग किती दिवस झाले ते बघा आणि दुसरा माणूस तयार करा. ‘अजून दोन टाक रे’ म्हणणाऱ्या फलंदाजाला थांबवायचं काम ट्रेनरकडे द्या. त्या मुलाला ते जमणार नाही.

सण: रणजीच्या पहिल्या भागात दिवाळी जवळ येते, पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धांच्या शेवटाला उत्तरायण (संक्रांत). कोण कुठल्या सणाला घरी राहील ते ऑगस्टमध्येच लिहून टाका, आणि गेल्या वर्षी जो दिवाळीला बाहेर होता त्याला यंदा आधी विचारा. लग्नाची, बाळंतपणाची, आईच्या ऑपरेशनची तारीख माहीत असेल तर तीही धरा. बदली माणूस म्हणून शहरातला एखादा फिजिओ किंवा ट्रेनर सीझनआधीच शिबिरात दोन दिवस बोलावून ठेवा. ऐन वेळी आलेल्या अनोळखी माणसाला खेळाडू हात लावू देत नाहीत, आणि मग सुट्टीवर गेलेल्यालाच फोन जातो.

महिला स्टाफ: स्वतंत्र खोली, मैदानावर जवळ स्वच्छतागृह आणि रात्री परत जायची सोय. हे मागायला लागू नये. दौरा ठरतानाच तपासा.

नेहमीची चूक: विश्रांतीचा दिवस म्हणून प्रवासाचा दिवस दाखवणं. विमानतळावर बावीस किटबॅगा मोजणाऱ्याचा तो विश्रांतीचा दिवस नसतो.

टप्पा ७: सीझन चालू असताना आठवड्याला दहा मिनिटं

टप्पा १मध्ये नेमलेल्या व्यक्तीने प्रत्येकाला आठवड्यातून एकदा फोन करायचा. तीनच प्रश्न: या आठवड्यात सर्वात जड काय गेलं? झोप किती दिवस नीट लागली? ठरलेल्यापैकी काय पाळलं गेलं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मॅनेजरपर्यंत नाव न घेता गेलंच पाहिजे आणि पुढच्या आठवड्यात काय केलं ते परत सांगितलंच पाहिजे. विचारून काही न करणं हे न विचारण्याहून वाईट.

ही लक्षणं दिसली तर लक्ष द्या: नेहमी वेळेवर येणारा उशिरा येऊ लागला, बोलका माणूस गप्प झाला, बारीकसारीक चुका वाढल्या, खेळाडूंबद्दल तुच्छतेने बोलू लागला, जेवण टाळू लागला, दौऱ्यावर पिणं वाढलं, डोकेदुखी किंवा पित्ताच्या गोळ्या रोज लागू लागल्या. एखादी गोष्ट दोन दिवस दिसली तर विचारपूस. दोन आठवडे टिकली, किंवा झोप आणि काम दोन्हीवर परिणाम झाला, तर डॉक्टर.

डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ. बडोद्यात सयाजीराव जनरल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, त्यामुळे दौऱ्यावर परगावी असलेल्या माणसालाही ती उपयोगी पडते. हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि किटरूमच्या दारावर असू द्या.

सावधान: कोणी ‘जगून काय उपयोग’ असं काही बोललं, हसतहसत बोललं तरी, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने विचार वाढत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, खोलीत सोबत ठेवा, घरच्यांपैकी तो सांगेल त्या व्यक्तीला कळवा. सामना चालू असला तरी.

पडताळणी: महिन्यातून एकदा चार आठवड्यांच्या तासांची सरासरी काढा. टप्पा ३मधल्या आकड्यापेक्षा ती कमी झालेली नसेल, तर तुमचे नियम पाळले जात नाहीत. कारण स्टाफमध्ये शोधू नका, वेळापत्रकात शोधा.

टप्पा ८: सीझननंतरचा पंधरवडा

शेवटचा सामना झाला की खेळाडू घरी जातात आणि सपोर्ट स्टाफचं सामान मोजणं, हिशोब देणं, अहवाल लिहिणं सुरू होतं. पाच महिने धावणारं शरीर अचानक थांबतं. बरेचजण याच काळात आजारी पडतात किंवा घरी चिडचिडे होतात. घरच्यांना वाटतं आता तरी हा मोकळा झाला, आणि तो मोकळा झालेला नसतो.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी पूर्ण करा. उरलेलं मानधन आणि प्रवासभत्ता चुकता करा. करार पुढे चालणार की नाही ते समोर बसवून सांगा आणि निर्णय झाला नसेल तर कोणत्या तारखेला होईल ते सांगून ती तारीख पाळा. ज्याचा करार थांबतो आहे त्याला कारण आणि अनुभवाचं पत्र द्या. हे फोनवर किंवा ग्रुपमधून काढून टाकून कळवायचं नाही. वर्षभर खेळाडूंच्या पायांना हात लावणाऱ्या माणसाला एवढा मान मिळायलाच हवा.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना, निघून जाणाऱ्यांनाही, एकदा बोलवा आणि टप्पा ५ व ६चे कागद समोर ठेवा. कुठला नियम टिकला, कुठला मोडला, कोणामुळे नाही तर कुठल्या परिस्थितीत मोडला, एवढंच लिहा. सुधारलेला कागद पुढच्या ऑगस्टसाठी मॅनेजरच्या फायलीत जाईल.

तासांच्या वह्यांतले एकत्रित आकडे ठेवा. नावानिशी असलेली पानं आणि एकेकट्याच्या बोलण्याची टिपणं मात्र पहिल्या टप्प्यात लिहून दिलेल्या तारखेला, ज्यांची आहेत त्यांच्यासमोर, फाडून टाका. फोनवरच्या नोंदीही पुसा आणि पुसल्याचं दाखवा. पुढच्या वर्षी ही माणसं खरं बोलतील की नाही, ते त्या दिवशी ठरतं.